आधी मुंढा बघा, मग रंग

स्लीव्हलेस टॉप ऑफिसात घालायचा तर वरून ब्लेझर हवाच, असं ऑफिसच्या कपड्यांवरच्या या चर्चेत एकीने लिहिलंय. मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असताना हे नागपुरात करून दाखवा बापा! आमच्याकडे गाडीवर तसाही सुती सनकोट, हातमोजे आणि तोंडाला स्कार्फ असतोच. ऑफिसात पोचलं की ते डिकीत. आत एसी अगदी डोक्यावर असेल तर खुर्चीला एक पातळ सुती श्रग टांगून ठेवायचा, बस.

टॉप ‘प्रोफेशनल’ दिसतो की नाही हे बाहीवर कमी आणि मुंढ्यावर, म्हणजे हात बाहेर येतो त्या काखेभोवतीच्या कापावर, जास्त ठरतं, हे मात्र कुणीच बोललं नाही. खांद्याची पट्टी खांद्याच्या हाडापर्यंत यायला हवी आणि मुंढा काखेत नीट बसायला हवा. ट्रायल रूममध्ये नुसतं आरशासमोर उभं राहू नका, फळ्यावर लिहिल्यासारखा हात वर करा आणि बाजूने बघा. मी बर्डीवरून, म्हणजे आमच्या सीताबर्डीच्या बाजारातून, घाईत घेतलेल्या एका राखाडी टॉपमध्ये पहिल्याच प्रेझेंटेशनला अर्धा वेळ कोपर अंगाला चिकटवून उभी होते. त्यात राखाडीवर घामाचा डाग असा उठून दिसतो की विचारू नका. पांढरा, गडद निळा किंवा बारीक छापाचा त्यापेक्षा बरा. मुंढा थोडाच सैल असेल तर टेलर काखेतल्या शिवणीत अर्धा इंच घेऊन देतो. खांदाच उतरत असेल तर मात्र तो टॉप तिथेच ठेवून या.