एमजीबीला हाय कॉम्प्रेशन पिस्टन टाकू का?

रंकाळा_रायडर: भावांनो, माझ्या एमजीबीचं (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) १७९८ सीसी इंजिन कोल्हापूरच्या उद्यमनगरात खोललंय, सिलिंडर बोअर (आतून घासून मोठे) करायलाच लागतंय तर ८.८ कॉम्प्रेशन रेशोच्या (हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं) जागी १०.५ चे फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन टाकू का? रविवारी पन्हाळा, कधी आंबा घाट, एवढंच फिरणं.

जुनं_इंजिन: १०.५ नको मर्दा, हेड (सिलिंडरवरचं झाकण) कास्ट आयर्नचं, साध्या पेट्रोलवर घाटात नॉकिंग (पेट्रोल आपोआप पेटून ठकठक) होणार. ९.५ च्या आसपास थांब, ९५ ऑक्टेनचं पेट्रोल भर. हेड आधी घासून प्लेन केलं असेल तर कॉम्प्रेशन आधीच वाढलेलं असतंय, हेडमधल्या चेंबरचे सीसी (आतली जागा) मोजल्याशिवाय पिस्टन मागवूच नको.

घाटवेडा: कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) कुठला? इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होत असला तर थोडं जास्त कॉम्प्रेशन चालतंय. फोर्ज्डला क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) जास्त लागतो, पिस्टन हातात आल्यावरच बोअर कर.

रंकाळा_रायडर: कॅम स्टॉकच, कंपनीचा. मग ९.५ बघतो, हेड आधी मोजून घेतो.