मदत हवी आहे : पोडियम, कीनोट वगैरे शब्दांना मराठीत काय लिहू?

नमस्कार मंडळी, मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. पुढच्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धा आहे, त्यासाठी मुलांना एक मोठा तक्ता करून देतेय, भाषणाशी संबंधित इंग्रजी शब्द, ते आले कुठून आणि मराठीत काय म्हणायचं असा. पण दोन शब्दांवर अडलेय.

लेक्चरचं जमलं. लॅटिनमधल्या 'वाचणे' या क्रियापदावरून आलाय, छपाई नव्हती तेव्हा युरोपातल्या विद्यापीठांत पुस्तकं हाताने लिहिलेली आणि प्रचंड महाग, त्यामुळे मास्तर पुस्तक वाचून दाखवणार आणि पोरं ऐकणार. म्हणजे मुळात पोथीवाचनच की! श्रावणात घरी पोथी ऐकलेल्या मुलांना हे पटकन कळेल.

रोस्ट्रम तर मला फारच आवडला. लॅटिनमध्ये रोस्ट्रम म्हणजे चोच, आणि शत्रूचं जहाज फोडायला गलबताच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या भागावर, जे टोक बसवायचे तेही रोस्ट्रमच. इ.स.पू. 338 मध्ये रोमनांनी अँटियम या शत्रूच्या शहराची जहाजं पकडली, त्यांची ही टोकं काढून आणून फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, वक्ते जिथून बोलायचे त्या चौथऱ्याला लावली आणि त्या जागेचंच नाव रोस्ट्रा पडलं.

आता अडलंय ते. पोडियम हा ग्रीक 'पाय' वरून आलाय (आपला पाद त्याच कुळातला), म्हणजे ज्यावर उभं राहायचं तो चौथरा. पण आपल्याकडे कागद ठेवायच्या उंच स्टँडलाच सगळे पोडियम म्हणतात, त्याचं खरं नाव लेक्टर्न, तेही 'वाचणे' वरूनच. त्याला मराठीत काय लिहू? व्यासपीठ म्हटलं तर अख्खं स्टेज डोळ्यासमोर येतं.

दुसरं म्हणजे कीनोट, संमेलनातलं मुख्य भाषण. हा मुळात गाण्यातला शब्द, ज्या स्वरावर सगळं गाणं उभं राहतं तो, आपल्या षड्जासारखा. मराठीत मात्र बीजभाषण रूढ आहे. आणि गंमत बघा, बी पेरायचा संबंध खरा सेमिनारशी आहे, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ रोपवाटिका! मग तक्त्यात बीजभाषणच ठेवू का सूर धरणारा एखादा शब्द आहे कुणाकडे? मला तरी सुराचा शब्द हवाय, कारण मुलांना तंबोरा आधी लागतो हे सांगितलं की अर्थ आपोआप कळतो, पण परीक्षेत त्यांनी तो लिहिला आणि मार्क गेले तर काय करायचं.

येत्या शनिवारी तक्ता छापायला द्यायचाय, त्याआधी कुणी सांगितलं तर फार बरं होईल.