नव्या हौदातलं सेंटरिंग खोलायचंय, "नवीन आहे, गॅस नसतो" म्हणतात. खरं आहे का?

अमळनेर_घरकाम
नमस्कार मंडळी. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घराखाली हौद बांधला. आतून 10 फूट लांब, 8 फूट रुंद, 7 फूट खोल. वरचा स्लॅब टाकून तीन आठवडे झाले. 2 बाय 2 फुटांचं एकच मॅनहोल आहे, त्यावर पत्रा झाकलेला. आत स्लॅबला खालून आधार देणारं सेंटरिंग, म्हणजे लाकडी फळ्या आणि बल्ल्यांचे टेकू, आणि तळाला वीतभर पाणी. सेंटरिंगवाले उद्या उतरणार आहेत. ठेकेदाराचं म्हणणं, ही काही संडासाची टाकी नाही, गॅस येईल कुठून? मी कोणती खबरदारी घेऊ?

सेफ्टी_भुसावळ
भाऊ, उद्याचं उतरणं आधी थांबवा. पत्रा आजच काढा आणि मॅनहोलवर सळईची जाळी ठेवा, म्हणजे लेकरू किंवा जनावर आत पडणार नाही.

हौद नवा असला तरी धोका खरा आहे. ओलं लाकूड, भुसा आणि साचलेलं पाणी बंद जागेत कुजतं. ते कुजवणारे जंतू आतला ऑक्सिजन खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. आपल्याकडच्या उन्हात हे आणखी झपाट्याने होतं. लोखंडी प्लेटा असतील तर गंज चढतानाही ऑक्सिजन खर्च होतो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो. 19.5 च्या खाली कुणाला उतरवायचं नाही. 10 च्या खाली माणूस झटकन बेशुद्ध पडू शकतो, हाक मारायलाही वेळ मिळेलच असं नाही. आणि या हवेला वास नसतो, म्हणून आत डोकावून काहीच कळत नाही.

शेजारी जुना शोषखड्डा आहे का तेही बघा. काळ्या मातीच्या भेगांमधून तिथलं सांडपाणी आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅस हौदात झिरपू शकतो.

चोपडा_मिस्त्री
पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. विझला तर उतरायचं नाही, जळत राहिला तर उतरायचं. पूर्वीपासून हेच करतात.

सेफ्टी_भुसावळ
दादा, कंदील विझला तर उतरायचं नाही, इथपर्यंत बरोबर. पण जळत राहिला म्हणून उतरायचं, हे जीवघेणं आहे. ज्योत साधारण 16-17 टक्क्यांपर्यंत तग धरते, म्हणजे हवा आधीच बिघडलेली असते. हायड्रोजन सल्फाइड तर कंदिलाला कळतच नाही. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास थोड्या प्रमाणात येतो, पण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास नाकच बधिर होतं आणि गॅस गेला असं वाटतं. मिथेन असेल तर त्याच ज्योतीने भडका.

त्यासाठी चार गॅसचा मीटर लागतो: ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड. तो दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळापासून वीतभर उंचीवर, तीन ठिकाणी मोजा. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं थांबा, सेन्सरला आकडा धरायला वेळ लागतो. ऑक्सिजन 19.5 ते 23.5, ज्वलनशील वायू स्फोटमर्यादेच्या (ज्या कमीत कमी प्रमाणाला भडका होतो त्याच्या) 10 टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड 10 पीपीएमखाली आणि मोनॉक्साइड 25 पीपीएमखाली असेल तरच पुढे.

अमळनेर_घरकाम
मीटरची सोय एमआयडीसीतल्या ओळखीच्यांकडून होईल. हवेसाठी घरच्या कूलरचा पंखा मॅनहोलवर लावला तर चालेल का?

शिरपूर_साइट
नाही चालणार. तो वरचीच हवा वरच्या वर फिरवतो, तळाची हलतसुद्धा नाही. आणि ओल्या हौदाच्या तोंडावर घरगुती वायर म्हणजे शॉकचा दुसरा धोका.

8 इंची पोर्टेबल ब्लोअर भाड्याने आणा, सोबत लवचिक डक्ट, म्हणजे हवेची जाड नळी. डक्टचं तोंड तळापासून फूट-दीड फुटावर न्या आणि बाहेरची ताजी हवा आत ढकला. तुमचा हौद 560 घनफूट भरतो. ब्लोअरवर लिहिलेला आकडा डक्टच्या वळणांमुळे मिळत नाही, पण मिनिटाला 500 घनफूट मिळाली तरी अर्ध्या तासात आतली हवा सव्वीस-सत्तावीस वेळा बदलते. मग पुन्हा मोजायचं. माणूस आत असेपर्यंत ब्लोअर बंद करायचा नाही, कारण तळाचा गाळ आणि कुजलेल्या फळ्या हलल्या की अडकलेला गॅस नव्याने सुटतो. शक्य असेल तर मीटरही छातीला लावूनच उतरू द्या.

पाणी बाहेर ठेवलेल्या पंपाने आधी उपसा. पेट्रोल किंवा डिझेलचा पंप आत कधीच उतरवू नका, त्याचा मोनॉक्साइड काही मिनिटांत माणूस पाडतो. जनरेटरचा धूरही ब्लोअरच्या तोंडापासून लांब ठेवा. वेल्डिंगच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन आत सोडायची युक्ती काही जण सांगतात. ती अजिबात करू नका, एका ठिणगीने अंगावरचे कपडे पेटतात. उजेडाला बॅटरीचा हेडलॅम्प पुरे. ब्लोअरच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवाच.

सेफ्टी_भुसावळ
आता सगळ्यात महत्त्वाचं. अशा घटनांत एकावर भागत नाही. पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उडी मारतो, मग तिसरा. "काही नही व्हत, उतर भो" म्हणणारा माणूस साइटवर असतोच, त्याला मॅनहोलजवळ उभंही करू नका.

उतरणाऱ्याच्या अंगावर फुल बॉडी हार्नेस (खांदे आणि मांड्यांना धरणारे पट्टे), त्याची दोरी मॅनहोलवरच्या तिपाईच्या विंचला (दोरी गुंडाळून वर ओढायच्या चक्राला). कमरेचा पट्टा नको, बेशुद्ध माणूस त्यात दुमडतो आणि 2 फुटांच्या तोंडातून निघत नाही. वर एक जण फक्त लक्ष ठेवायला, त्याने जागा सोडायची नाही. उत्तर आलं नाही की विंच फिरवायचा, आत उतरायचं नाही. अग्निशमन 101 आणि रुग्णवाहिका 108 ला लगेच फोन.

चोपडा_मिस्त्री
मीटरचं पटलं. सेंटरिंगबद्दल सांगतो. 8 फुटांच्या गाळ्याला (दोन भिंतींमधल्या अंतराला) साध्या सिमेंटला 7 दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) 10 दिवस टेकू ठेवले की भागतं. विनाकारण महिनाभर ठेवलं तर लाकूड तेवढं जास्त कुजतं. टेकू मधल्या रांगेपासून काढत भिंतीकडे जा. माणूस नेहमी मॅनहोलच्या बाजूला, पडणारी फळी पलीकडे. काढलेल्या बल्ल्या मॅनहोलखाली रचू नका, बाहेर पडायची वाट तीच आहे. डक्टसाठी एक कोपरा धरून ठेवा. पुढच्या हौदाला समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन मॅनहोल ठेवा, नाहीतर वर प्रीकास्ट, म्हणजे बाहेर आधीच ओतून तयार केलेल्या, पाट्या टाका. पाट्या टाकल्या तर आत सेंटरिंगच राहत नाही.