शब्दचर्चा : 'विधायक टीका' मागतं का कोणी?

ओसरी
मंडळी, एक अडचण आहे आणि दोन दिवसांत सुटली तर बरं. आमच्या इथल्या (परदेशातल्या) मंडळाचा दिवाळी अंक यंदा फक्त ऑनलाइन निघतोय. इथेच वाढलेल्या मुलांच्या गोष्टी, चित्रं, थोड्या कविता. प्रत्येकीखाली वाचकांना काही लिहिता येईल, म्हणून वर चार ओळींची सूचना द्यायची आहे. मूळ इंग्रजी मजकूर मुलांनीच केलाय आणि मला तो पटला: कौतुक कुणीही, केव्हाही करावं, 'कन्स्ट्रक्टिव्ह क्रिटिसिझम' मात्र ज्याची कलाकृती आहे त्याने मागितला असेल तरच.

मी लिहिलं, 'विधायक टीका निर्मात्याने मागितल्यासच करावी.' संपादक काका म्हणाले, "टीका कोणी मागतं का? टीका होते. ओढवते." पानं लावणारा मुलगा इंदूरचा, तो विचारतो यात आमदार कुठून आले. आणि 'निर्माता' म्हटलं की सगळ्यांना सिनेमात पैसे घालणारा माणूस दिसतो. सुचवा काहीतरी.

वऱ्हाडी ठेचा
अधिवेशनाच्या आदल्या दिवशी विरोधी पक्ष 'आम्ही विधायक टीका करू' म्हणतो. दुसऱ्या दिवशी काय होते ते आपन पाह्यतोच. पोरांच्या चित्राखाली हा शब्द नका टाकू बाप्पा.

खडूफळा
बी.एड.ला आम्हाला फीडबॅकसाठी 'प्रत्याभरण' होता. पाठ संपला की मार्गदर्शक प्रत्याभरण द्यायचे आणि आम्ही खाली मान घालून घ्यायचो. शब्द रूढ आहे, पुस्तकांत आहे.

गप्पिष्ट
आभरण म्हणजे दागिना. प्रत्याभरण म्हणजे लग्न मोडल्यावर परत आलेला दागिना काय?

खडूफळा
'भृ' म्हणजे आणणे, वाहून नेणे. उलट पोचवलेलं ते प्रत्याभरण. हसण्यासारखं काही नाही त्यात. हिंदीवाले 'प्रतिपुष्टि' म्हणतात, ते चालतं तुम्हाला?

पंतोजी
मूळ प्रश्न 'टीका'चा आहे, म्हणून जरा मागे जाऊ. 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें' हे सगळ्यांना पाठ असेल. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. माउलींनी गीतेवर तोंडसुख घेतलं असा याचा अर्थ कुणी करत नाही. टीका म्हणजे उलगडा. मूळ ग्रंथ वाचकाला कळावा म्हणून त्याच्या शेजारी बसून केलेलं काम. पुढे वर्तमानपत्रांनी 'सरकारवर टीका', 'टीकेची झोड', 'टीकास्त्र' करून या शब्दाची पार दशा केली. तरी 'टीकाकार' म्हटलं की अजूनही दोन्ही अर्थ शाबूत आहेत. वापरून वापरूनच शब्दाला मूळ अर्थ परत मिळतो. ओसरीताई, तुम्ही 'टीका' खुशाल ठेवा आणि मुलांना तिचा अर्थ सांगा.

याहून वाईट दशा झाली ती मल्लिनाथाची. कालिदासावरच्या संजीवनी टीकेच्या आरंभी तो बजावून सांगतो: 'नामूलं लिख्यते किञ्चिन्नानपेक्षितमुच्यते'. आधाराशिवाय काही लिहीत नाही, गरजेचं नाही ते बोलत नाही. आणि मराठीत 'मल्लिनाथी करणे' म्हणजे काय? कुणी न विचारता, मधेच, बहुधा खवचटपणे काहीतरी जोडणे! ज्याने ते करणार नाही म्हणून प्रतिज्ञा केली, त्याचंच नाव आपण त्या खोडीला दिलं.

गप्पिष्ट
पंत, ही तुमची मल्लिनाथी की टीका?

मिसरा
पंतोजी, अंकाच्या सूचनेखाली ज्ञानेश्वरी समजावून सांगणार का? वाचक आजचा आहे. त्याला 'टीका' म्हणजे धोपटणं एवढंच ठाऊक आहे.

आमच्या गझलेच्या मंडळींत हा प्रश्न पूर्वीच सुटलाय. मैफलीत देतात ती दाद. उस्तादाकडे वही घेऊन जायचं, तो शेर दुरुस्त करतो, ती इस्लाह. दाद न मागता मिळते, इस्लाह मागावीच लागते. भर मुशायऱ्यात उठून 'तुमच्या दुसऱ्या मिसऱ्यात (शेराच्या ओळीत) एक मात्रा कमी पडते' असं कुणी म्हटलं तर लोक त्याच्याकडेच बघतील, मात्रा कितीही कमी असो. तेच नंतर चहाच्या टपरीवर सांगितलं तर शायर वही पुढे करतो. सुरेश भटांनी नव्यांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली, तीही शिकू पाहणाऱ्यांसाठी. मुलांना नेमकं हेच म्हणायचंय: दाद मोकळी, इस्लाह मागितली तर.

पंतोजी
म्हणजे दोन्ही शब्द फारसी-अरबी. छान. मराठी मुलांना मराठी अंकात.

मिसरा
'दाद' फारसी? मूळ फारसीच, न्याय या अर्थाचा. म्हणून तर आपण कोर्टात दाद मागतो. 'कुठेच दाद लागेना' हे आजही रोज बोललं जातं. चांगल्या ओळीला दाद देणं म्हणजे तिचा हक्क तिला देणं, मेहेरबानी नव्हे. 'प्रशंसा' या शब्दात हे आहे का?

पंतोजी
माधव जूलियन तुमच्या-माझ्यापेक्षा फारसी जास्त जाणत होते. 1925 साली त्यांचा फारसी-मराठी कोश निघाला, गज्जल मराठीत रुजवली ती त्यांनीच. तेच पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. का झाले याचा विचार करा.

मिसरा
केला. तरी आज त्यांची गज्जल गातात, शुद्धीचा निबंध कोणी गात नाही.

नर्मदाकाठ
बडोद्याहून लिहिते आहे. आमच्याकडे गुजरातीत साहित्याच्या समीक्षेला 'विवेचन' म्हणतात, समीक्षक तो 'विवेचक'. मराठीत विवेचन म्हणजे नुसतं समजावून सांगणं, म्हणजे पंतोजींची जुनी 'टीका'च. हिंदीत समीक्षकाला 'आलोचक'. आणि गंमत म्हणजे बंगालीत 'आलोचना' म्हणजे निव्वळ चर्चा, तिला 'सम' लावून 'समालोचना' केली की ती टीका होते. आपल्याकडे समालोचन क्रिकेटचं! एकच शब्द प्रत्येक राज्याने आपापल्या परीने कडू-गोड करून घेतलाय. त्यामुळे 'मूळ अर्थ' धरून बसण्यात राम नाही असं मला वाटतं. 'अभिप्राय' का नको? तो कडूही नाही, गोडही नाही.

ओसरी
अभिप्राय माझ्याही मनात होता. पण अभिप्रायात कौतुकही आलं ना? मग 'कौतुक कधीही करा, अभिप्राय मागितला तरच द्या' हे वाचायला विचित्र होतं. कौतुक हा अभिप्राय नाही का, असं काका विचारणार, मी त्यांना ओळखते.

चिमटी
अभिप्रायावरून आठवलं. माझे मामा रांगोळीत माणसांचे चेहरे काढायचे. दिवाळीत तालुक्याच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन असायचं. पंखे बंद, दोरीच्या अलीकडे घामाघूम गर्दी, आणि दाराशी टेबलावर अभिप्राय वही. वहीत पानंच्या पानं 'छान', 'अप्रतिम', 'स्तुत्य उपक्रम', आणि खाली हुद्द्यासकट सह्या. मामा ती उघडतसुद्धा नसत. एका वर्षी कुणीतरी सही न करता लिहिलं होतं: 'डाव्या डोळ्यातला पांढरा ठिपका डावीकडे आणि उजव्यातला उजवीकडे आहे. उजेड नक्की कुठून येतो?' मामा रात्री हॉल बंद झाल्यावर फळी टाकून त्यावर आडवे झाले, आणि चिमटीने काळी लेक पावडर सोडून एक ठिपका बुजवला, दुसऱ्या बाजूला नवा दिला. रांगोळीत खोडता येत नाही, वरून झाकावंच लागतं. पुढचे सगळे दिवस ते लिहिणाऱ्याला शोधत होते.

आता सांगा, हे मागितलेलं होतं की न मागितलेलं? वही मामांनीच ठेवली होती.

वऱ्हाडी ठेचा
वही ठेवली म्हणजे मागितलंच की. मांडलं म्हणजे मागितलं. नाही तर घरी ठेवायचं चित्र.

नर्मदाकाठ
अजिबात नाही. वही प्रौढ कलावंताने ठेवली होती. ओसरीताईंची मुलं पहिल्यांदा मराठीत चार ओळी लिहितायत. त्याखाली 'पहिल्याच वाक्यात लिंग चुकलंय' असं एखाद्या आजोबांनी लिहिलं की ते पोर पुन्हा मराठीत लिहिणार नाही. आजोबा बरोबर असतील, तरीही.

पंतोजी
आणि चूक कुणीच दाखवली नाही, तर ते पोर 'माझा आई' असंच लिहीत मोठं होईल.

नर्मदाकाठ
दाखवा ना, आईला फोन करून दाखवा. चारचौघांत कशाला?

खडूफळा
शाळेतही तेच सांगतात. वहीत लाल शाईने 'शेरा', वर्गात मोठ्याने नाही. 'शेरा' कसा वाटतो? छोटा आहे.

गप्पिष्ट
शेरा 'मारतात'. जो शब्द मारायचा असतो तो मुलांना नको. टोमणा मारतात, ताशेरे ओढतात, पिंक टाकतात, झोड उठवतात. आपल्या भाषेत मत देण्याची क्रियापदं बघा एकदा, निम्मी फौजदारी आहेत.

खडूफळा
दाद देतात, अभिप्राय देतात, कौतुक करतात. ही कुठली फौजदारी?

मिसरा
'शेरा' अरबी 'शरह'वरून असावा, म्हणजे स्पष्टीकरण. पंतोजी, तुमच्या 'टीके'चा सख्खा भाऊ! दोघांचाही प्रवास उलगड्यापासून टोचण्याकडे.

पंतोजी
'असावा'. आधाराशिवाय लिहू नये, वर मल्लिनाथ काय म्हणाला ते वाचा.

चिमटी
मराठीत एक जुना दाखला राहून जातोय. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा शेवटी ताकीद दिली: यात जो स्वतःची ओवी घालील, 'तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली', म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवली. दुसऱ्याच्या कामात आपली भर घालणाऱ्याला याहून नेमकं कोणी बोललेलं नाही.

पंतोजी
ते प्रक्षेपाबद्दल आहे, अभिप्रायाबद्दल नाही. उलट नाथांनी स्वतः पाठ दुरुस्त केले. म्हणजे न मागता केलेली दुरुस्तीच झाली. माउलींनी कुठे सांगितलं होतं?

चिमटी
पण ते मूळ पाठाकडे परत गेले. 'मी असतो तर ही ओवी अशी लिहिली असती' असं नाही म्हणाले. आज चित्राखाली लोक लिहितात ते हेच: मागे डोंगर हवा होता, मुलीच्या फ्रॉकला लाल रंग द्यायला हवा होता. ही नरोटीच.

गप्पिष्ट
आमच्या पिढीने यावर एक शब्द काढलाय, 'पुलेशु'. पुढील लेखनास शुभेच्छा. वाचलं नाही तरी लिहिता येतं.

वऱ्हाडी ठेचा
चित्राले पण पुलेशु टाकतात काही जण. पुढील लेखनास!

नर्मदाकाठ
पुलेशुला नावं ठेवू नका. पहिल्या कवितेखाली एकही शब्द नसण्यापेक्षा पुलेशु बरा. पण खरी दाद म्हणजे चिमटीच्या मामांना मिळाली ती. तिथे 'छान' हा शब्दच नव्हता, तरी ज्याने लिहिलं तो त्या डोळ्यासमोर थांबला होता हे कळतं. ओसरीताई, सूचनेत शब्दापेक्षा हे घाला ना: काय आवडलं ते नाव घेऊन लिहा. 'छान' नको, 'आजीच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली दाखवलीस ते आवडलं' असं लिहा.

ओसरी
हे मुलांना फार आवडेल. घालते.

रात्री काकांशी बोलून हे ठरवलं: 'मनापासून दाद द्या. नेमकं काय आवडलं ते लिहा. सुचवण्या हव्यात असं चित्राखाली किंवा गोष्टीखाली लिहिलं असेल तरच सुचवा.' टीका, अभिप्राय, निर्माता, सगळे गेले. काका 'दाद'वर खूश आहेत, 'सुचवण्या'वर नाहीत. म्हणतात असा शब्दच नाही.

पंतोजी
काका बरोबर आहेत. 'सूचना' असा चांगला शब्द असताना सुचवण्या कशाला?

ओसरी
कारण त्या चार ओळींचं शीर्षकच 'सूचना' आहे! शिवाय सूचना म्हणजे हुकूम वाटतो, 'विद्यार्थ्यांना सूचना' असतात तसा.

खडूफळा
'सुचवण्या' चालेल, 'सुचवणी'चं अनेकवचन. फक्त 'सु' ऱ्हस्वच ठेवा. सूचना तत्सम म्हणून दीर्घ, सुचणे-सुचवणे ऱ्हस्व.

मिसरा
आणि 'मनापासून दाद' यातलं 'मनापासून' काढा. दाद मनापासूनच असते, नसते ती वाहवा.

वऱ्हाडी ठेचा
वाहवाले काऊन कमी लेखता? वाहवा तोंडातून निघते, दाद विचार करून देतात. कोनती जास्त खरी?

गप्पिष्ट
दोन्हींपेक्षा तमाशातली दौलतजादा खरी. तिथे खिशात हात घालावा लागतो. हा शब्द 'दौलत ज्यादा' वरून आला म्हणे, म्हणजे देणाऱ्याची दौलत वाढो.

पंतोजी
'म्हणे'!

नर्मदाकाठ
आणि संगीत नाटकातला 'वन्समोअर' विसरलात. तीही मागणीच, पण प्रेक्षकाची. पंतोजी, त्याला शुद्ध मराठी काय देता?

पंतोजी
'पुनश्च'.

मिसरा
मैफलीत 'मुकर्रर' म्हणतात. थिएटरात उभं राहून 'पुनश्च!' ओरडून दाखवा एकदा पंत, मी तिकीट काढतो.