मूल्यमापकाला प्रमाणपत्र हवं की उमेदवारी?

गणितागार (धागाकर्ता)

कार्यक्रम मूल्यमापन, म्हणजे एखाद्या योजनेचा उपयोग झाला का हे तपासणं, करायला परवाना लागत नाही, म्हणून प्रमाणपत्र सक्तीचं करा, अशी मागणी या क्षेत्रात पुन्हा पुन्हा होते. माझा तिला विरोध आहे.

कॅनेडियन इव्हॅल्युएशन सोसायटीचं ऐच्छिक प्रमाणन घ्या. पदव्युत्तर पातळीचं शिक्षण, मागच्या 10 वर्षांत 2 वर्षांइतका पूर्णवेळ अनुभव आणि प्रत्येक गटातल्या किमान 70 टक्के क्षमतांचा पुरावा, अशा अटी आहेत. अटी वाईट नाहीत. पण पुरावा म्हणजे मुख्यतः अर्जदाराने स्वतःच्या कामाबद्दल लिहिलेला मजकूर. काम करताना तो निर्णय कसे घेतो, हे त्यातून कळत नाही.

त्यापेक्षा उमेदवारी करावी, म्हणजे जाणत्या मूल्यमापकाच्या हाताखाली एका मूल्यमापनाची पूर्ण फेरी. टीओआर (काम देणाऱ्याने दिलेला कामाचा लेखी तपशील) वाचण्यापासून अहवालाच्या मसुद्यावरच्या बैठकीपर्यंत, मधलं काहीही न गाळता. प्रश्नावलीच्या चाचणीचंच बघा. 15-20 जणांवर चाचणी घेतली की कुठला प्रश्न लोक वेगळ्याच अर्थाने घेतात, कुठे 'नाही' म्हटल्यावरही पुढचे चार प्रश्न विचारले जातात, हे दिसतं. मग सर्वेक्षकांचं प्रशिक्षण, आणि भरलेल्या फॉर्मपैकी साधारण 10 टक्के फॉर्मची त्या-त्या घरी जाऊन एक-दोन दिवसांत फेरतपासणी. फेरतपासणीत वय, घरातली माणसं, मुलाखत खरंच झाली का, असे न बदलणारे प्रश्न विचारायचे. मतं विचारली तर उत्तर बदललं की सर्वेक्षक चुकला, हे ठरवता येत नाही. ही समज वर्गात बसून येत नाही.

तळटीप

असहमत. उमेदवारीत गुरूच्या चुकाही वारशाने येतात. सर्वात जुनी चूक म्हणजे '384'. कुठलाही अभ्यास असो, सॅम्पल 384. हा आकडा येतो कुठून? 95 टक्के विश्वासपातळी, 5 टक्के कमी-जास्त, प्रमाण 50 टक्के आणि साधी यादृच्छिक निवड. म्हणजे एका मोठ्या लोकसंख्येतलं एक प्रमाण मोजायचं असेल तेव्हा.

मूल्यमापनात प्रश्न दोन गटांतल्या फरकाचा असतो. एखादं प्रमाण 50 वरून 60 टक्क्यांवर गेलं हे 80 टक्के पॉवरने (म्हणजे फरक खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता 80 टक्के) पकडायचं तर प्रत्येक गटात सुमारे 390 माणसं लागतात. ती वस्त्यांतून, प्रत्येकी 20 अशी निवडली आणि एकाच वस्तीतल्या माणसांमधला सहसंबंध (त्यांची उत्तरं किती सारखी असतात ते) 0.05 धरला, तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे सॅम्पल किती पट वाढवायचं तो गुणक, 1 + (19 × 0.05) म्हणजे 1.95. प्रत्येक गटात सुमारे 760 झाले! प्रवास वाचवायला वस्तीमागे 40 माणसं घेतली तर तोच गुणक 2.95 होतो. म्हणून वस्त्या वाढवायच्या, वस्तीतली माणसं नव्हे. हे न शिकलेला माणूस 384 वर 'फरक आढळला नाही' लिहितो आणि चांगला कार्यक्रम बंद पडतो. हे कोणाच्या हाताखाली किती वर्षं काढली तरी आपोआप समजत नाही. परीक्षा हवीच.

गणितागार

सॅम्पलचं गणित अभ्यासक्रमात हवं, मान्य. पण गणित बिनचूक असूनही निष्कर्ष चुकतो, त्याचं काय? कार्यक्रमासाठी सर्वात कमी गुणांच्या शाळा निवडल्या. पुढच्या वर्षी त्यांतल्या बऱ्याच शाळा काहीही न करता सरासरीकडे सरकणारच, आणि ती सुधारणा कार्यक्रमाच्या नावावर जमा होते. 'शाळा कशा निवडल्या?' हे पहिल्याच दिवशी कर्मचाऱ्यांना विचारायचं असतं, आणि ती सवय दुसऱ्याला विचारताना पाहून लागते.

तळटीप

नेमका हाच धोका संशोधनपद्धतीचे अभ्यासक कॅम्पबेल आणि स्टॅनली यांनी 1963 मध्ये नावानिशी नोंदवला आहे. तुमचं उदाहरण पुस्तकातलंच आहे. ज्याने ते वाचलं नाही तो प्रश्न विचारणार तरी कसा?

सहावा निकष

दोघंही मूल्यमापकालाच धरून बसला आहात. खोट बऱ्याचदा टीओआरमध्ये असते. ओईसीडी या देशांच्या संघटनेच्या डॅक (विकास साहाय्य) समितीचे मूल्यमापनाचे 5 निकष 1991 पासूनचे: समर्पकता, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव, शाश्वतता. 2019 मध्ये सुसंगतता हा सहावा आला, आणि निकष विचारपूर्वक वापरा, यांत्रिकपणे नको, असंही सोबत बजावलं. तरी टीओआरमध्ये सहाच्या सहा उतरवले जातात, प्रत्येकाखाली चार-पाच उपप्रश्न, आणि मुदत 30 कामाचे दिवस. त्यात कितीही शिकलेला माणूस प्रत्येक प्रश्नाला दोन परिच्छेदच देणार. कार्यक्रम सुरू होऊन सहा महिने झाले असताना प्रभाव मागणं तर निव्वळ चुकीचं.

काम देणाऱ्यानेही शिकावं. प्रश्न तीन ते पाच. प्रत्येकासमोर लिहावं: या उत्तरावर कोण, कोणता निर्णय, कधी घेणार? रकाना भरता आला नाही तर प्रश्न काढून टाकावा. शिफारशींना लेखी प्रतिसाद द्यावा (स्वीकारली, अंशतः, नाकारली, आणि का) आणि सहा व बारा महिन्यांनी त्याचा आढावा घ्यावा.

तळटीप

'सहावा निकष' यांच्याशी सहमत. पण वाईट टीओआरला 'हे होणार नाही' म्हणायलाही ज्ञान आणि अधिकृत ओळख लागते. प्रमाणपत्र नसलेल्याचा नकार कोण ऐकतो?

निर्णयवही

माझं मत धागाकर्त्याकडे झुकतं, पण उमेदवारीत निर्णयांची लेखी नोंदवही हवी. चांगलं मूल्यमापन कसं असावं हे सांगणाऱ्या जॉइंट कमिटी मानकांच्या 2011 च्या तिसऱ्या आवृत्तीत उपयुक्तता, व्यवहार्यता, औचित्य, अचूकता यांच्या जोडीला मूल्यमापनाचं उत्तरदायित्व हा पाचवा गट आला. म्हणजे मूल्यमापनाचंही मूल्यमापन. त्यासाठी निर्णय त्याच दिवशी लिहावेत: काय ठरवलं, कोणते पर्याय सोडले, का, आणि त्यामुळे कोणता निष्कर्ष कमजोर झाला. तुलना गटातल्या तीन वस्त्या पुरामुळे गळल्या तर त्या कोणी, कशा बदलल्या, हे शेवटी आठवून लिहिलं की हमखास सारवासारव होते. काम संपल्यावर बाहेरच्या मूल्यमापकाने दोन दिवस ही वही तपासावी. तळटीप यांना हवी असलेली परीक्षा यातच आहे, आणि ती खऱ्या कामावर होते.

सहावा निकष

वही चांगली, पण तिच्यात काम देणाऱ्याचे आक्षेप आणि कधी कधी उत्तरदात्यांची ओळखही उतरते. बाहेरच्याला दाखवायची तर करारातच तसं कलम हवं आणि नावांऐवजी संकेतांक हवेत. शिवाय त्या दोन दिवसांचे पैसे मूळ अंदाजपत्रकात धरावे लागतील. मागाहून ते कोणी देत नाही.