मदत हवी आहे: विणकाम नियोजनाच्या गणितात ६ माग येतात, उत्तरात ८ दिलेत

आडवा_धागा

नमस्कार मंडळी. कापड गिरणीतल्या विणकाम नियोजनाचा व्यवसाय अभ्यासक्रम करतोय. कापडाची रचना, सुताचा हिशेब वगैरे नीट जमतंय, पण ऑर्डर मागांवर बसवायच्या धड्याशी अडलोय. सरावाचं गणित असं:

साधं विणकाम, ताणा (उभे धागे) ३० नंबर, बाणा (आडवे धागे) ३० नंबर, इंचाला ताण्याचे ७६ तार आणि ६८ पिक (बाण्याचे धागे), कोऱ्या कापडाचा पन्ना (रुंदी) ६३ इंच. ऑर्डर १२,००० मीटर. रेपियर माग ६०० आरपीएम (मिनिटाला ६०० पिक), कार्यक्षमता ८५ टक्के, चोवीस तास चालू. विणकामाला ८ दिवस. क्रिंप (विणताना धागा वळल्यामुळे जास्त लागणारी लांबी) ताण्याचा ७ टक्के, बाण्याचा ५ टक्के. बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) मागावर चढवायला एकच टोळी, एका मागाला अर्धा दिवस.

मी केलेलं: एकूण तार ७६ × ६३ = ४,७८८ (किनार यातच धरायची असं दिलंय). बाण्याच्या क्रिंपमुळे फणीत (तार विभागणाऱ्या कंगव्यासारख्या चौकटीत) इंचाला साधारण ७२ तार बसतात, म्हणून ७२ ची फणी, एका घरात दोन तार, फणीतला पन्ना ६६.५ इंच. १०० मीटर कापडाला ताण्याचं सूत १०.०८ किलो, बाण्याचं ८.९ किलो. इथवर उत्तरं जुळतात.

मागाचं उत्पादन: ६०० × ६० भागिले (६८ × ३९.३७), म्हणजे ताशी १३.४५ मीटर. ८५ टक्क्यांनी दिवसाला २७४ मीटर. १२,००० भागिले २७४ म्हणजे ४३.८ मागदिवस, ते ८ दिवसांत बसवायचे तर ५.५ माग. म्हणून ६.

मागे उत्तर छापलंय "८ माग", बाकी एक अक्षर नाही. दोन माग कुठून आले? वर्गात विचारलं तर "बीमच्या बाजूने विचार कर" एवढंच उत्तर मिळालं.

दुसरी शंका वार्पिंगची, म्हणजे सुताच्या कोनांवरून तार बीमवर गुंडाळण्याची. क्रीलवर (कोन लावायच्या चौकटीवर) ६०० कोन बसतात, म्हणून ४,७८८ तारांचे वार्पिंगचे ८ बीम केले, जे पुढे सायझिंगला (ताण्याला खळ लावताना) एकत्र होऊन मागाचे बीम बनतात (चार ५९८ चे, चार ५९९ चे). लांबी १३,००० मीटर धरली, १२,८४० ताणा आणि वर थोडी वाया. कोन १.८९ किलोचे. हे चालेल ना?

---

जुना_माग

गणित बरोबर आहे हो, पण त्यात सहाही माग पहिल्या दिवशी सकाळी एकदम सुरू झालेत. टोळी एकच, माग सहा. ते एकदम कसे सुरू होतील?

कागदावर दिवस मांडा. पहिल्या मागावर बीम चढायला अर्धा दिवस गेला, त्याला ७.५ दिवस उरले. दुसऱ्याला ७. तिसऱ्याला ६.५. असं उतरत सहाव्याला ५. बेरीज करा: ३७.५ मागदिवस. हवेत ४३.८. सातवा माग ४.५ दिवस देतो, तरी ४२ च. आठवा ४ देतो, मग ४६ होतात. तुमचे आठ माग असे आले.

"बीमच्या बाजूने विचार" याचा अर्थ माझ्या मते असा: मागाला मीटर दिसत नाहीत, बीम दिसतो. बीम तयार नसेल तर माग रिकामा, चढवणारा मोकळा नसेल तरीही रिकामा. कार्यक्षमतेचे ८५ टक्के चालत्या मागाचे असतात, वाट बघणाऱ्या मागाचे नव्हे. नवीन मुलं हे दोन्ही एकाच टोपलीत टाकतात.

---

आडवा_धागा

हे कुठल्याच पुस्तकात इतकं सरळ वाचलं नव्हतं, मनापासून आभार. म्हणजे आठ मागांवर प्रत्येकी १,५०० मीटरचे आठ सारखे बीम करायचे ना?

---

जुना_माग

अजिबात नाही! १,५०० मीटरला ५.५ दिवस लागतात आणि आठवा माग सुरूच होतो चौथ्या दिवसाच्या शेवटी. तो संपेल साडेनवव्या दिवशी. ऑर्डर उशिरा, आणि पहिला माग दोन दिवस आधी मोकळा.

बीम उतरत्या लांबीचे काढा. पहिल्यावर २,००० च्या आसपास कापडाचा ताणा, शेवटच्यावर १,००० च्या आसपास. सायझिंगवर सगळ्यात लांब बीम पहिला उतरवा, कारण तोच आधी चढायचाय. आणि शेवट मुद्दाम एका दिवशी आणू नका. आठही बीम एकाच दुपारी संपले तर पुढच्या ऑर्डरला तुमची टोळी पुन्हा चार दिवस बीम चढवण्यातच अडकेल.

---

खळघर

जुना_माग यांचं मांडणं बरोबर, पण आठव्या मागाबद्दल माझं मत वेगळं आहे. फक्त हजार मीटरसाठी अख्खा एक माग अडकवायचा, वहीफणी करायची (प्रत्येक तार वही आणि फणीतून ओवायची), बीमच्या दोन्ही टोकांची चिंधी सोसायची? सात मागांचे ४२ मागदिवस आहेत, म्हणजे दिवसाला २८६ मीटर हवेत. कार्यक्षमता ८८.५ टक्के झाली की सातातच काम होतं. हे साडेतीन टक्के खळीत सापडतात. तार नीट खळलेली असेल, खळीचं प्रमाण बीमभर सारखं असेल, बीमवर तार आडवीतिडवी गेलेली नसेल, तर ताण्याची तूट कमी होते आणि माग आपोआप जास्त चालतो. नियोजनवाले सायझिंगला फक्त "किती वाजता देणार?" एवढंच विचारतात, हे माझं जुनं दुखणं आहे.

---

जुना_माग

खळघर, प्रत्यक्षात मीही सातवर करून बघेन. पण जो आकडा हातात आलेला नाही त्यावर तारीख कबूल करायची नाही. परीक्षेत ८५ दिलेत तर ८ लिहा. खाली टीप म्हणून ८८.५ चा पर्याय मांडलात तर तपासणारा खूश होईल.

अजून एक. आधीच तेवढ्याच तारांची, त्याच फणीची क्वालिटी मागावर चालू असेल तर वहीफणी नकोच, जुन्या तारांना नव्या तारा गाठ मशीनने जोडा. मिनिटाला ३०० गाठी धरल्या तरी ४,७८८ तारांना १६ मिनिटं. तयारी, गाठी फणीतून पार करणं वगैरे धरूनही अर्ध्या दिवसापेक्षा पुष्कळ कमी. म्हणून माग निवडताना "कुठला रिकामा आहे" याच्या आधी "कुठल्यावर आत्ता काय चाललंय" ते बघायचं.

---

फणी_७२

वार्पिंगच्या शंकेला कुणी हातच लावला नाही, म्हणून लिहिते. क्रील आणि बीमचं गणित बरोबर, पण कोन पुरणार नाहीत.

३० नंबरच्या सुताचे किलोला सुमारे ५०,८०० मीटर. १.८९ किलोच्या कोनात साधारण ९६,००० मीटर. तुम्ही त्याच कोनांवरून १३,००० मीटरचे आठ बीम काढताय, म्हणजे १,०४,००० मीटर. सात बीम होतील (९१,०००) आणि आठव्यात ५,००० मीटरला सगळे कोन थोड्याफार फरकाने संपायला लागतील. तिथे एकेक तार जोडत बसलात तर त्या बीमच्या मधोमध गाठींचा पट्टा येईल, आणि आठही बीम सायझिंगला एकत्र जातात, म्हणून तो पट्टा शेवटी कापडातही येईल.

---

आडवा_धागा

अरे बापरे, हे तर सुताच्या एकूण किलोत दिसतच नाही. ताण्याला १,२२५ किलो लागतं, तेवढं मागवलं की झालं असं वाटलं होतं. मग उपाय काय? आठव्या बीमला नवे कोन लावायचे?

---

फणी_७२

लावता येतात, पण मग आधीच्या ६०० कोनांवर प्रत्येकी शंभरेक ग्रॅम उरतं, म्हणजे जवळपास ५९ किलो सूत तुकड्यांत. ताणा-बाणा एकाच नंबरचा आहे, तर पीळ आणि लॉट जुळत असल्यास ते गुंडाळून बाण्यात घालता येईल. बाण्याला एकूण १,०६८ किलो लागणारच आहे. मात्र उरलेलं सूत एकाच मागावर सलग चालवा, मध्येच घातलंत तर कापडावर पट्टे दिसतील.

त्यापेक्षा सूत मागवतानाच कोनाचं वजन सांगा. २.१ किलोचा कोन १,०६,००० मीटरच्या वर जातो, आठ बीम निघून थोडं उरतं. कोनाचा व्यास क्रीलच्या खुंटीवर बसतो ना, ते मात्र आधी मोजून घ्या.