'ऑल्दो'नंतर 'बट' चालत नाही, मग 'येट' का चालते?

शिकवणी_रामबाग

नमस्कार. इंदूरला रामबागेत मी घरीच शाळकरी मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. बहुतेक मुले मराठी घरांतली आहेत. घरी मराठी, गल्लीत आणि शाळेत हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशी त्यांची दिवसभर ये-जा चालू असते. नववीच्या मुलांना अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीवर निबंध लिहायला सांगितला होता. वह्या तपासताना एकच वाक्य निरनिराळ्या हस्ताक्षरांत पुन्हा पुन्हा समोर आले : 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू सी द झांकीज.' (झांकी म्हणजे त्या मिरवणुकीतला सजवलेला देखावा; आमच्याकडे त्या कापडगिरण्यांच्या नावाने निघतात.) मी 'बट'वर काट मारली. एका मुलीने मात्र 'बट'च्या जागी 'येट' लिहिले होते, आणि तिचे वाक्य मी तसेच राहू दिले. साहजिकच शेजारच्या मुलाने विचारले की दोन्ही शब्दांचा अर्थ 'पण' असाच असेल, तर त्याला काट आणि हिला बरोबरची खूण असे का.

'तसा नियमच आहे' एवढे सांगून वेळ मारून नेता येते, पण त्या उत्तराने मूल गप्प बसते, त्याला समजत काहीच नाही. इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या क्लासांत स्पर्धा परीक्षांसाठी अशा जोड्या पाठ करून घेतात : 'ऑल्दो–येट', 'नो सूनर–दॅन', 'हार्डली–व्हेन', 'नॉट ओन्ली–बट ऑल्सो'. वाक्यातली चूक ओळखण्याच्या प्रश्नाला ते पुरते, पण स्वतःचे वाक्य रचताना मुलांना त्याचा काही आधार वाटत नाही. 'बट' आणि 'येट' यांच्यातला फरक मुलांना पटेल अशा रीतीने कसा सांगावा, आणि उभयान्वयी अव्ययांच्या या चुका मुळात येतात कुठून, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

जुना_परीक्षक

ताई, वाक्ये जोडण्याचे काम इंग्रजीत दोन प्रकारचे शब्द करतात, आणि आपल्या शालेय मराठी व्याकरणात त्यांना प्रधानत्वसूचक आणि गौणत्वसूचक उभयान्वयी अव्यये म्हणतात. 'अँड', 'बट', 'ऑर' हे पहिल्या गटातले. ते दोन बरोबरीच्या वाक्यांच्या मध्ये उभे राहतात आणि कोणालाच खालचे स्थान देत नाहीत. 'ऑल्दो', 'बिकॉज', 'इफ', 'व्हेन', 'अनलेस' हे दुसऱ्या गटातले. हे ज्या वाक्याच्या तोंडाशी बसतात ते वाक्य गौण होते आणि दुसऱ्या वाक्याच्या आधाराने उभे राहते. आता 'ऑल्दो इट वॉज रेनिंग' एवढे म्हटले की ते वाक्य गौण झाले, आणि पुढे 'वी वेंट' हे प्रधान वाक्य आले की जोडणी पुरी झाली. त्यात 'बट' घातला की तो म्हणतो, माझ्या दोन्ही बाजूंना बरोबरीची वाक्ये हवीत, पण डावीकडचे वाक्य तर आधीच गौण करून टाकलेले आहे. एकाच सांध्याला दोन बिजागऱ्या दोन उलट दिशांनी ठोकल्यासारखे हे होते.

मुलांना हे परिभाषेत सांगण्याची गरज नाही, वाक्य उलटून बघायला सांगावे. 'वी वेंट ऑल्दो इट वॉज रेनिंग' आणि 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेंट' ही दोन्ही वाक्ये चालतात. 'ऑल्दो'ला आपले वाक्य घेऊन पुढेही जाता येते आणि मागेही. 'बट'ला ते जमत नाही. 'बट वी वेंट, इट वॉज रेनिंग' असे म्हटले की ज्याला इंग्रजीचा फारसा सराव नाही त्यालाही काहीतरी बिनसल्याचे जाणवते. जाता जाता स्वल्पविरामाचेही सांगून टाकावे : गौण वाक्य आधी आले तर त्याच्यानंतर स्वल्पविराम द्यावा, मागाहून आले तर बहुधा लागत नाही.

'येट'चे उत्तर थोडे वेगळे आहे. हा शब्द उभयान्वयी अव्यय म्हणून येतो तसाच क्रियाविशेषण अव्यय म्हणूनही येतो, म्हणजे 'तरीसुद्धा' या अर्थाने प्रधान वाक्याच्या आत शिरतो. याची परीक्षा सोपी आहे : शब्दाच्या आधी 'अँड' लावून पाहावा. 'अँड येट' हे इंग्रजीत सर्रास आढळते, 'अँड स्टिल'ही चालते, पण 'अँड बट' कोणी म्हणत नाही. 'ऑल्दो'च्या वाक्यात 'येट' किंवा 'स्टिल' आले तर ते जोडणीचे काम करत नाहीत, नुसता जोर देतात, म्हणून रचना मोडत नाही. ही जोडी जुनीही आहे. 1611 सालच्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात ती आहे. आजच्या साध्या गद्यात ती किंचित भारदस्त वाटते, एवढेच. मी स्वतः मुलांना 'येट' गाळायलाच सांगेन, पण काट मारणार नाही. आपला निर्णय योग्य होता.

चुकीच्या मुळाविषयी माझे मत असे की हे 'बट' मराठीतून आलेले नाही. मराठीची जोडी 'जरी–तरी' आहे, आणि मुलाने ती शब्दशः इंग्रजीत नेली तर 'तरी'च्या जागी 'स्टिल' किंवा 'येट' येईल, जे इंग्रजी खपवून घेते. 'हालाँकि बारिश हो रही थी, लेकिन हम गए' हे हिंदी वाक्य डोक्यात असले म्हणजे मात्र 'लेकिन'चा सरळ 'बट' होतो. आपल्या इंदूरची मुले घरी मराठी बोलत असली तरी निबंध लिहिताना मनातल्या मनात हिंदीत वाक्य जुळवतात, असा माझा उत्तरपत्रिका तपासतानाचा अनुभव आहे.

लोकमान्यनगरकर

वरील उत्तरातील व्याकरण मला मान्य आहे, पण सगळा दोष हिंदीच्या माथी मारणे मला पटत नाही. हिंदीतही 'बारिश हो रही थी, फिर भी हम गए' हे वाक्य आहेच, आणि त्यात जोडी नाही. मराठीतही 'जरी' अनेकदा गळून जातो. 'गिरण्या बंद पडल्या तरी झांक्या निघतातच' हे आपल्या गावात कोणीही म्हणेल, तिथे 'जरी' घालून पाहा, वाक्य लगेच पुस्तकी होते. म्हणजे दोन वाक्यांना एक जोड पुरतो हे मुलाला आपल्या भाषेतून ठाऊक असतेच. अडचण अशी की शाळेत भाषांतर शिकवताना 'ऑल्दो म्हणजे जरी' असा सुटा अर्थ दिला जातो, आणि 'जरी' म्हटले की मूल 'तरी'ची वाट पाहू लागते. 'ऑल्दो'चा अर्थ सुटा न देता 'पाऊस पडत असला तरी' असे अख्खे वाक्यच समोर ठेवले, तर 'तरी' त्यातच येऊन जातो आणि पुढे काही शोधायला उरत नाही.

माझा आग्रह असा की या प्रकरणात मराठीला गुन्हेगार ठरवण्याऐवजी कामाला लावावे. 'अंटिल'चे उदाहरण घ्या. 'वेट अंटिल ही डज नॉट कम' ही चूक 'तो येत नाही तोपर्यंत थांब' यातून येते, कारण त्या मराठी वाक्यात 'नाही' आहे. पण हीच गोष्ट आपण 'तो येईपर्यंत थांब' अशीही म्हणतो, आणि तिथे 'नाही' नाही. मुलाला हे दुसरे रूप आठवायला सांगितले की 'वेट अंटिल ही कम्स' आपोआप लिहिले जाते. 'अनलेस'चेही तसेच. 'जर तू अभ्यास केला नाहीस तर' असे वाक्य मनात धरले की 'अनलेस यू डू नॉट स्टडी' असे लिहून मूल नकार दोनदा देते. 'अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस' हे मनात धरले, तर 'शिवाय'मध्येच नकार आलेला असतो, आणि 'अनलेस यू स्टडी, यू विल नॉट पास' हे सरळ उतरते.

आणखी एक चूक जोडीच्या नियमात बसत नाही, म्हणून सहसा निसटते. 'तो येईल तेव्हा मी जाईन' या वाक्यात मराठी दोन्हीकडे भविष्यकाळ वापरते. इंग्रजीत 'व्हेन', 'इफ', 'अंटिल', 'ॲज सून ॲज' यांच्या अशा वाक्यात भविष्याची गोष्ट असली तरी क्रियापद वर्तमानकाळी ठेवतात : 'आय विल गो व्हेन ही कम्स.' वह्यांत ही चूक 'बट'इतकीच असणार, फक्त तिच्यावर काट कमी पडते.

शिकवणी_रामबाग

दोघांचेही मनापासून आभार. वाक्य उलटून बघण्याची युक्ती आजच वर्गात वापरली आणि ती मुलांना लगेच कळली. 'अँड'ची परीक्षा घेताना मात्र तोच मुलगा पुन्हा उभा राहिला. त्याचे म्हणणे असे की 'अँड सो' हेही इंग्रजीत चालते, म्हणजे 'सो'सुद्धा 'येट'सारखाच निरुपद्रवी असला पाहिजे, आणि मग 'बिकॉज इट वॉज रेनिंग, सो वी स्टेड ॲट होम' या वाक्यावर मी काट का मारते. प्रश्न वाजवी आहे. शिवाय एका मुलीला शाळेत सांगितले गेले आहे की वाक्याची सुरुवात 'बिकॉज'ने करायचीच नाही. ते खरे मानावे का?

जुना_परीक्षक

मुलगा हुशार आहे, त्याला माझ्यातर्फे शाबासकी द्यावी. 'अँड'ची परीक्षा एवढेच सांगते की कोणता शब्द वाक्याची चौकट मोडतो. 'बट' तिथे नापास होतो. पण चौकट मोडत नाही म्हणून प्रत्येक जोडी भाषेच्या वहिवाटीत बसते असे नाही. 'इफ'नंतर 'देन' चालतो, 'ऑल्दो'नंतर 'येट' चालतो, आणि 'बिकॉज'नंतर 'सो' प्रमाण इंग्रजी स्वीकारत नाही. 'बिकॉज' कारण दाखवतो आणि 'सो' त्याच कारणाचा परिणाम दाखवतो, म्हणजे तीच गोष्ट दोन्ही टोकांनी सांगितली जाते. दोघांपैकी कोणताही एक ठेवावा, वाक्य शुद्ध होते. इथे युक्तिवाद जिथे थांबतो तिथे वहिवाट सुरू होते, आणि हे मुलांना स्पष्ट सांगायला हरकत नाही.

'बिकॉज'ने सुरुवात करू नये हा नियम नाही, ती शाळेतली खबरदारी आहे. लहान मुले 'व्हाय'च्या प्रश्नाला 'बिकॉज इट वॉज रेनिंग' एवढे लिहून पूर्णविराम देतात, आणि ते गौण वाक्य लोंबकळत राहते. त्यावर उपाय म्हणून शिक्षकांनी सरसकट बंदी घातली. प्रधान वाक्य पुढे येत असेल तर 'बिकॉज इट वॉज रेनिंग, वी स्टेड ॲट होम' पूर्ण शुद्ध आहे. मराठीत 'कारण' बहुधा दुसऱ्या वाक्याच्या आधी येते आणि आधीच सांगायचे असेल तर आपण 'पाऊस पडत होता म्हणून' असे म्हणतो, त्यामुळे 'बिकॉज'ने सुरू होणारे वाक्य मराठी कानाला थोडे चमत्कारिक वाटते. पण तो आपल्या कानाचा प्रश्न झाला.

भंवरकुआं_बॅच

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आणि पाठ केलेल्या जोड्यांवरच आजवर गुण मिळवले आहेत, त्यामुळे त्यांची बाजू थोडी मांडतो. 'नो सूनर–दॅन' पाठ करावी लागते हे खरे, पण 'सूनर' हे तुलनेचे रूप आहे आणि तुलनेपुढे 'दॅन' येते, हे एकदा सांगितले की ती पाठ न करताही लक्षात राहते. 'हार्डली'पुढे तुलना नाही, म्हणून तिथे 'व्हेन'.

ताईंच्या प्रश्नाच्या कडेची एक चूक राहिली आहे. 'डिस्पाइट' हे 'ऑल्दो'चे भावंड समजून मुले 'डिस्पाइट इट वॉज रेनिंग' लिहितात. तो शब्द वाक्य जोडतच नाही, त्याच्यापुढे नाम लागते : 'डिस्पाइट द रेन.' मराठीत 'पाऊस असूनही' म्हटले की नेमके तेच होते. त्याला 'ऑफ' लावणेही चूक आहे, 'ऑफ' लागतो तो 'इन स्पाइट'ला.

आणि निबंधात संवाद असेल तर 'की' तपासावा. 'बाबांनी विचारले की मी कुठे जातोय' यातला 'की' मुले 'दॅट' करून टाकतात आणि 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आय वॉज गोइंग' असे लिहितात. 'व्हेअर' स्वतःच जोडणीचे काम करतो, त्याला 'दॅट' नको : 'ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.' प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असे येणार असेल, तर तिथे 'इफ' किंवा 'वेदर' वापरावे.